रुळांच्या वाटेवरचं निर्माल्य

आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात आली आणि दोन आठवडे होत नाहीत तोच परतीचं तिकीट अलीकडे घे म्हणून मागे लागली. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिकडे जाऊन ती काय करणार हे मला पक्कं ठाऊक होतं. खिडक्या लावून घरात बसणार, एक वेळ जेवणार आणि फोनवर मला ‘बरी आहे’ म्हणून सांगणार. इथे तरी वेगळं काय चाललं होतं म्हणा! सोफ्यावर बसून खालून जाणाऱ्या लुआस ट्राम बघायच्या, बास. बाहेर येतेस का विचारलं की ‘कायले?’ एवढंच उत्तर. बाबा गेल्यापासून ती रडलीसुद्धा नव्हती. मी तशी तापट बाई. माझ्याशी कुणी कडाकडा भांडलं तर चालतं, पण हे गप्प बसणं मला सोसत नाही. तिला कसंही करून इथे ठेवून घ्यायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ऑफिसातल्या एकीने जिओकॅशिंग सुचवलं. म्हणजे कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवून ठेवतं आणि तिची जागा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये टाकतं. आपण शोधत जायचं, डबी सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होती तिथे परत ठेवून द्यायची. मला हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटला होता. पण चेरीवूडच्या एका बागेत मी फोन फिरवत गोल गोल हिंडत असताना आईने झाडाच्या बुंध्यात सरळ हात घातला आणि डबी काढली. ‘इथंच तर असन ना वं, अजून कुठं ठेवतीन?’ म्हणाली आणि चक्क हसली. त्यानंतरचा अख्खा आठवडा तिकिटाचं नाव निघालं नाही. मी लगेच हवेत.

मग एका शनिवारी मी तिला डब्लिनबाहेर एका ग्रीनवेवर घेऊन गेले. पूर्वी तिथे रेल्वे होती. आता रूळ काढून टाकलेत आणि त्या जागी चालायला आणि सायकलींना सपाट रस्ता केलाय. एका ठिकाणी गाड्यांचा रस्ता ही वाट ओलांडून जातो. तिथे कडेला, गवतात, एका मुलीच्या आठवणीसाठी छोटा दगड उभा केलेला होता. गाडीने उडवलं होतं तिला तिथे. डबी त्या दगडाच्या आसपासच कुठेतरी होती. मी कुंपणाच्या दगडांमध्ये बोटं घालत बसले, काटे टोचून घेतले, स्वतःला दोन शिव्या घातल्या. बऱ्याच वेळाने डबी मिळाली. परत येऊन बघते तर आई दगडापाशी उकिडवी बसलेली. दगड ओल्या रुमालाने लख्ख पुसलेला आणि वर कडेच्या गवतातली पिवळी रानफुलं वाहिलेली. मला इतकं बरं वाटलं की तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे माझं लक्षही गेलं नाही. गेलं असतं तरी मी म्हटलं असतं, कसलातरी पाला खुडला असेल भाजीला. तिच्या हाताला ती खोडच आहे.

डबीतल्या कागदावरचं माझं नाव बघून बुधवारी अ‍ॅपमध्ये निरोप आला. डबी लपवणारा माणूस म्हणजे त्या मुलीचे वडीलच निघाले. किती अदबीने लिहिलं होतं त्यांनी! कुणाला दोष देत नाही, दगड इतका स्वच्छ केल्याबद्दल आभारच आहेत, फक्त तिथली जुनी फुलं कुणी नेली असतील तर त्यातल्या एका गुच्छाला जांभळी नाडी बांधलेली होती, तेवढी मिळाली तर बरं होईल. मुलीच्या पळायच्या बुटाची नाडी होती ती.

आईशिवाय कोण नेणार ती फुलं! मी स्वयंपाकघरातला प्रेस उघडला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. कुकरच्या मागे, व्यवस्थित गाठ मारलेली, ती पिशवी होती.

आई म्हणाली, निर्माल्य आहे ते. वाळलेली फुलं तशीच ठेवतात का कुणी? कचऱ्यात टाकू नये, पायाखाली येऊ देऊ नये, म्हणून आणली. वाहत्या पाण्यात सोडणार होते, पण तुझी सारखी घाई. आता आमच्या घरी हे इतकं साधं आहे की त्यात समजावण्यासारखं काही नाही. सकाळची पूजा म्हणजे आधी कालची फुलं उचलायची. पण मी कसली ऐकतेय! हा काय आपला देव्हारा आहे का, लोकांच्या दुःखाला हात लावायचा नसतो, विचारायचं तरी होतंस, मी इथे काय तोंड दाखवू, असं जे तोंडाला आलं ते सगळं बोलून मोकळी झाले. तिने पिशवी उचलून परत कुकरच्या मागे ठेवली. रात्री ताटावर बसल्यावर शांतपणे म्हणाली, तिकीट बदल, या आठवड्यातलंच पाहा.

माझ्याच तोंडात मारून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

त्या गृहस्थांना मी शनिवारी येते म्हणून कळवलं. पिशवी देऊन यावं, आईला नेऊच नये, असा माझा विचार होता. पण ती आधीच स्वेटर घालून दारात उभी. ‘उचललं म्यां, तं देईन बी मीच,’ म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा ते गृहस्थ दगडापाशी थांबलेले होते. साठीच्या पुढचे, उंच, डोक्यावर लोकरीची टोपी. आईने पुढे होऊन दोन्ही हातांनी पिशवी दिली आणि नमस्कार केला. मी माफी मागायला लागले तर ते ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे ठीक आहे, म्हणत राहिले. इथे घर जळलं तरी लोक आधी ग्रँडच म्हणतात. मग त्यांनी पिशवीतून तो गुच्छ काढला. आईने तो जसाच्या तसा ठेवला होता, गाठसुद्धा सोडली नव्हती. त्यांनी ती हळूहळू सोडवली आणि नाडी खिशात ठेवली. वाळकी फुलं हातात तशीच राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, दर वेळी वाटायचं की जुनी फुलं उचलावी. पण उचलून टाकायची कुठे? डस्टबिनमध्ये टाकायला हात होईना, म्हणून साठत गेली.

काय म्हणाले, आईने विचारलं. मी सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. रस्त्यापलीकडे जुन्या रेल्वेचा दगडी पूल दिसत होता आणि त्याच्याखाली नदी होती, तिकडे तिने बोट दाखवलं. ‘पाण्यात सोडा म्हणा त्यांले. मंग जीवाले लागत नाही.’

ते सांगताना मला जरा संकोच वाटला. पण ते ऐकून काही न विचारता चालायला लागले. पुलावर पोचल्यावर त्यांनी फुलं आईपुढे धरली. मला म्हणाले, ह्यांना रीत माहीत आहे, ह्यांच्याच हातून होऊ दे.

आई मागे सरकली. ‘नाही. त्यांचंच काम हाय ते.’ आणि मग पाण्याकडे बघत, मला की कुणाला कोण जाणे, म्हणाली, ‘मले नेलं नव्हतं. तुझ्या बाबांच्या अस्थी घेऊन सारे माणसं नदीवर गेले. मले म्हणे, तुम्ही घरीच बसा.’

हे मला माहीत नव्हतं. मी नागपूरला पोचले तोवर सगळं उरकलेलं होतं, आणि घरात कुणी त्याविषयी बोललंही नव्हतं. त्यांनी विचारलं, आई काय म्हणतात? मला सांगवेना. मग कसंबसं इंग्रजीत सांगितलं.

मग त्यांनी हातातल्या फुलांचे दोन भाग केले आणि एक आईच्या ओंजळीत ठेवला.

दोघांनी एकदमच हात उघडले. फुलं इतकी हलकी होती की वाऱ्याने थोडी पसरली आणि मग पाण्याला लागली. ‘जा आता. नीट जा,’ आई म्हणाली, आणि कठड्याला धरून रडायला लागली. मोठ्याने, हुंदके देऊन, आमच्याकडे बायका रडतात तशी. मीही रडले. त्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली होती. आईचं रडणं थांबेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

परत येताना अर्ध्या वाटेवर आई बोलली.

‘तिकीट राहू दे. पण दिवाळीत नागपूरले येशीन तवा मले नदीवर नेजो. तुझ्या बाबांच्या.’

‘नेईन,’ मी म्हटलं.

‘आपण दोघीच जाऊ.’