आंब्याला बांधलेला पार

मी आयुष्यात एकाही झाडावर कुऱ्हाड चालवली नाही, हे पूर्वी मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही. कुऱ्हाडीशिवायही झाड मारता येतं, आणि ते काम मी तीन वर्षांत, लोकांची वाहवा घेत, रविवारचा चहा पीत, व्यवस्थित पार पाडलं.

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी आम्ही डोंबिवलीत जागा घेतली. त्याआधी ठाण्याला दोन खोल्यांत राहत होतो. मी मुंबईत एका सरकारी कचेरीत मसुदे तपासायचो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि लाल शाईने दुरुस्त करायचं, हा माझा धंदा. दिवसभर तेच केल्यावर माणूस घरीही तेच करतो. भाजीवाल्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला, तरी घासात खडा लागल्यासारखं व्हायचं. बायको म्हणायची, तुम्ही भाजी घ्या, भाषा सोडा. मी दोन्ही घेऊन यायचो.

मानपाड्याच्या वाटेला तेव्हा भातखाचरं होती आणि अधूनमधून एखादं नवं कौलारू घर. आम्ही पाहिलेल्या जागेत एक जुना आंबा होता. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. जमीन एका आगरी कुटुंबाची होती. विकायचं मुलांनी ठरवलं होतं, पण कोणाला विकायचं हे त्यांची म्हातारी आई ठरवणार होती. तिला सगळं गाव ‘बाय’ म्हणायचं. आंब्याची कोय तिने लग्न होऊन आली त्या वर्षी स्वतः लावली होती, असं तिच्या थोरल्या मुलाने सांगितलं.

आमच्याआधी एकजण जागा बघून गेला होता. त्याला आंब्याच्या जागीच चाळ उठवायची होती. बायने त्याला सरळ नाही म्हटलं. मग आम्हाला ओट्यावर बसवून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ती लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करायची, मलाही केलं.

“येवरा जुना आंबा हाय,” ती म्हणाली. “याला पार नको करू.”

आता इथे माझं ज्ञान आडवं आलं. आगरी बोलीत आपल्या ‘ड’-‘ढ’चा बरेचदा ‘र’ होतो, हे मी ठाण्याला असतानाच टिपलं होतं. झाडाला झार, गाडीला गारी, एवढ्याला येवरा. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी हे नियम सांगून लोकांना हसवतही असे. तेव्हा बायचं वाक्य कानावर पडताच मी ते मनातल्या मनात लाल शाईने दुरुस्त केलं: ‘पार नको करू’ म्हणजे ‘पाड नको करू’. शुद्ध बोलायचं तर ‘पाडू नको’. चाळवाल्यानंतर ती दुसरं काय सांगणार होती? मी तिला वचन दिलं, की मी असेपर्यंत या आंब्याला कुणी हात लावणार नाही. तिने मान हलवली आणि जागा आम्हाला मिळाली.

घर बांधून होईपर्यंत मी आंब्याची नीट ओळख करून घेतली. मधल्या खांदीच्या बेचक्यात एक ढोली होती, तिच्यात पिंगळ्यांचं जोडपं राहायचं. दिवेलागणीला दोघं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसत आणि माना गोल फिरवून आमच्याकडे बघत. पिंगळा घराजवळ नको म्हणून एक-दोघांनी आम्हाला घाबरवलं, पण बायको म्हणाली, ते आपल्या आधीपासून इथे आहेत, अपशकुन झाला असेल तर आपला त्यांना झाला असेल. वरच्या सुक्या फांदीत तांबट पक्ष्याने भोक पाडलं होतं आणि उन्हाळाभर त्याची ठकठक चालायची. लाल मुंग्यांनी पानं शिवून गोळे केले होते. खारी तर इतक्या, की बायकोने वाळवण घालायची जागा दोनदा बदलली.

बाय रोज त्या वाटेने जायची. कुंपणाशी थांबायची, वर बघायची, पुढे जायची. आत या म्हटलं तर यायची नाही. इकल्यावर मंग पाय कशाला ठेवाचा, असं तिने बायकोला एकदा सांगितलं होतं. चैत्रात बायको तिला कैऱ्या द्यायची, त्यासुद्धा ती कुंपणावरून घ्यायची आणि घरी जाऊन आमच्यासाठी वालाच्या शेंगा पाठवायची.

विहीर खणली तेव्हा मातीचा मोठा ढीग निघाला. पायाचे काळे दगडही उरले होते. ते कुठे टाकायचे याचा विचार करताना मला ती कल्पना सुचली, आणि तेव्हा ती मला फार सुंदर वाटली. आंब्याला पार बांधायचा. आमच्या मूळ गावी देवळापुढच्या वडाला पार होता, तिथे सगळं गाव टेकायचं. ज्या झाडाला पार आहे ते झाड मानाचं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. बायला दिलेलं वचन नुसतं पाळायचं नाही, तर झाडाचा मान वाढवायचा.

गवंडी लावून मी गुडघ्याच्या वर येईल एवढा गोल पार बांधून घेतला. आत विहिरीची माती भरली, बुंध्याला अगदी चिकटवून ठोकली, आणि वरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला. बायकोने विचारलं, की बुंध्याला एवढी माती चढवली तर आत कुजणार नाही का. मी तिला वडांचे दाखले दिले. चार गावांतले चार वड सांगितले. ती म्हणाली, हा वड नाही, आंबा आहे. यावर मी जरा मोठ्या आवाजात तेच दाखले परत दिले.

पार मात्र लोकांना आवडला. रविवारी संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी जमायची. आम्ही पोटार्थी माणसं त्या पारावर बसून देशाचा कारभार चालवायचो. एकजण म्हणाला, तुम्ही झाडाचं सोनं केलंत. मी नम्रपणे हसलो. ते हसू आठवलं की अजून स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

त्या काळात बाय रोजच्यासारखी कुंपणाशी थांबायची. मला वाटायचं ती पार बघून समाधान पावते आहे. एकदा मी पारावर हात थोपटून तिला दाखवलंदेखील. ती वर शेंड्याकडे बघून पुढे गेली.

पहिल्या पावसाळ्यानंतर काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं बारीक वाटली. बायकोने दाखवलं की गिलाव्याच्या भेगेतून, बुंध्याला लागून, अळंबी उगवली आहेत. मी ती उपटून भेग बुजवून टाकली. तिसऱ्या वर्षी पूर्वेची एक मोठी खांदी वाळली. झाडं म्हातारी होतात, असं मी म्हणालो. लाल मुंग्यांचे गोळे कमी झाले, तेही थंडीमुळे असेल म्हटलं. दिसत सगळं होतं, पण प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार असे.

आणि मग त्या माघात आंब्याला मोहोर आला. असा मोहोर मी कधी पाहिला नव्हता. पानं दिसेनात. सगळं झाड तांबूस-पिवळं झालं, मधमाश्यांचा आवाज घरात ऐकू यायचा. माझा जीव भांड्यात पडला. बघ, मी बायकोला म्हटलं, आणि रविवारी सकाळी बायला ही बातमी द्यायला तिच्या घरी गेलो.

ती ओट्यावर वाल सोलत होती. मी मोहोराचं वर्णन केलं. कचेरीच्या भाषेत नाही, चांगलं रंगवून केलं. तिचा हात थांबला.

“मोहोर ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पान किती हाय?”

पान फारसं नाही, मी म्हणालो. मोहोराने झाकलं असेल. तिने सूप बाजूला सारलं.

“पार फोर, भाऊ. आता तरी फोर.”

‘फोर’ म्हणजे ‘फोड’, हे नियमाप्रमाणे मला तत्काळ कळलं. ‘पार’चं काय करायचं ते मात्र क्षणभर कळेना. पाड फोड? आणि मग कळलं. तिचा ‘पार’ पारच होता. पहिल्या दिवशीही पारच होता. पाडू नको हे सांगायची तिला गरजच वाटली नव्हती. पाडणाऱ्याला तिने दारातूनच परत पाठवलं होतं. आमच्यासारखी माणसं झाड पाडत नाहीत, त्याला पार बांधतात, हे तिला मला बघताच समजलं होतं. म्हणून तिने मला नेमकं तेवढंच सांगितलं होतं, आणि मी ते दुरुस्त केलं होतं.

मी ओट्यावरच बसलो. तिला मात्र त्या वेळी माझी ही चूक सांगितली नाही. सांगायचं धैर्यच झालं नाही. ती सांगत होती, की जाणारं झाड जाताना जवळचं सगळं बाहेर काढतं. तिने असे आंबे पाहिले होते. वड निराळा, तो वरून मुळ्या सोडून आपली सोय करतो. आंब्याच्या बुंध्याला मोकळा वारा लागतो, चढवलेली माती त्याच्या गळ्याशी येते.

त्याच दिवशी पार फोडला. पहारीने गिलावा उचकटला, दगड काढले. बाय आली, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा कुंपणाच्या आत आली. बुंध्याजवळची माती तिने कुणाला फावड्याने काढू दिली नाही, हाताने काढली. आतली साल काळी पडली होती आणि बोट लावताच ओल्या पुठ्ठ्यासारखी निघत होती. कुजलेल्या गोणपाटाचा वास आला. तिने बुंध्याभोवती हात फिरवत फिरवत एक वितीएवढी जागा शोधली, तिथे साल अजून घट्ट होती. तिथे ती हात ठेवून थांबली. मग उठली आणि विहिरीवर हात धुतले.

मोहोर वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरून गळून गेला. शिमग्यानंतर राहिलेली पानंही करपली. झाड घराच्या बाजूला कललेलं होतं, शेजारी म्हणू लागले की लवकर उतरवा. पण ढोलीत पिंगळ्यांची पिल्लं होती. बायने निरोप पाठवला, की त्यांचा संसार आटपू दे. ते मी ऐकलं. या वेळी निरोप आणणाऱ्याकडून दोनदा वदवून घेतला, आणि तरीही बायकोला पाठवून खात्री करून घेतली. वैशाखात पिल्लं उडू लागली. जोडपं मात्र ढोली सोडेना. कुऱ्हाड पडली त्या सकाळी दोघं विहिरीच्या रहाटावर बसून सगळं बघत होते. पुढे आठ-दहा दिवस ते संध्याकाळी यायचे, रहाटावर बसायचे आणि जिथे ढोली होती त्या रिकाम्या जागेकडे माना वळवायचे. नंतर दिसले नाहीत. तांबट आधीच गेला होता.

झाड उतरवलं त्या दुपारी बाय ओंडक्यांपाशी येऊन बसली. लाकूड तोडणारे जेवायला गेले होते. तेव्हा मी तिला खरं काय ते सांगितलं. पहिल्या दिवशी ती काय म्हणाली, मला काय ऐकू आलं, आणि मी ते का बदललं. ‘र’चा आणि ‘ड’चा नियमही सांगितला, कारण तो सांगितल्याशिवाय माझा मूर्खपणा पुरता कळला नसता. मला वाटलं ती चिडेल. तिने चिडावं असं मला मनापासून वाटत होतं.

“मंग इचारलास का नाय?” ती एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, मला वाटलं मला समजलं. आणि मग माझ्याही तोंडून निघून गेलं, की बाय, तुम्ही तर रोज कुंपणाशी उभ्या राहायचात. पार बांधताना बघत होतात. मग तुम्ही का नाही मला थांबवलंत?

तिने हातातला लाकडाचा ढलपा उलटसुलट केला.

“रोज बगत व्हती,” ती म्हणाली. “रोज वाटं, बोलावा. मंग वाटं, शिकलेला मानूस हाय, ‘नको’ सांगलेला आयकून पन बांधतंय, तवा याला कायतरी ठावं आसंल. आपल्यालाच ठावं नसंल.”