ओढलेल्या पडद्याचा नियम

रेविनचा एक नियम होता, आणि नदीच्या मुखाशी मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती तो पहिल्याच दिवशी ऐकवायची. गाडीचा पडदा ओढलेला असेल तर दार वाजवायचं नाही. मग मीठ संपलेलं असो, बॅटरी उतरलेली असो की आभाळ कोसळत असो. आत माणूस झोपलाय, रडतोय की बायकोशी भांडतोय, याच्याशी बाहेरच्याला काही देणंघेणं नाही. एकदा एका जर्मन पोरीनं काडेपेटी मागायला भल्या सकाळी तिचं दार ठोकलं, तर रेविननं तिला असं फैलावर घेतलं की बिचारी संध्याकाळी चॉकलेट घेऊन माफी मागायला आली. तेव्हाही पडदा ओढलेला होता. पोरगी पडदा उघडेपर्यंत पावसात उभी राहिली. ही हकीकत रेविन ज्याला त्याला मोठ्या कौतुकानं सांगायची.

नियम तिनं पुस्तकातून उचललेला नव्हता. ऐन तारुण्यात ती आणि तिचा नवरा ग्रॅहम ट्रकवर राहायला गेले, तेव्हापासूनचा तो होता. ग्रॅहम सुतार. जुन्या बेडफर्ड ट्रकवर त्यानं स्वतःच्या हातानं लाकडी घर चढवलं. रंगीत काचेची खिडकी, फळ्यांचं छप्पर, कोळशाची शेगडी आणि तिचं वाकडं धुराडं. तसल्या ट्रकवाल्यांची तेव्हा एक जमातच होती. या जत्रेतून त्या जत्रेला जायचं, चामड्याचे पट्टे नि मेणबत्त्या विकायच्या, सफरचंदांच्या हंगामात मोटुएका गावाच्या बागांत फळं उतरवायची. रात्र झाली की दिसेल त्या झाडाखाली ट्रक उभा. शेतकरी सकाळी यायचा, दोन शिव्या द्यायचा, ग्रॅहमनं मोडकं फाटक दुरुस्त करून दिलं की दूध देऊन जायचा. क्रिस्टन, त्यांची मुलगी, चालायला शिकली ती चालत्या ट्रकात. त्यामुळे जमिनीवर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा धडपडली, असं रेविन सांगायची. खरंखोटं ग्रॅहमलाच ठाऊक, आणि तो गेला.

तो गेला त्या हिवाळ्यात रेविननं ट्रकचा पडदा ओढून घेतला आणि कितीतरी दिवस उघडला नाही. आजूबाजूला ओळखीचे ट्रक होते. एकानंही दार वाजवलं नाही. कुणीतरी पायरीवर सरपण ठेवून जायचं, कुणीतरी रस्सा. त्या मुक्या माणसांच्या जिवावर आपण जगलो, असं तिला मनापासून वाटायचं. म्हणून तो नियम तिला देवाच्या आज्ञेसारखा होता.

ट्रक पुढे विकावा लागला. आता तो एका हौशी जमीनदाराच्या कुरणात चाकं काढून विटांवर उभा आहे. शहरातली जोडपी एका रात्रीचं भाडं भरून त्यात झोपतात नि खिडकीशी फोटो काढतात. रेविन एकदा बघून आली आणि आठवडाभर कुणाशी नीट बोलली नाही.

पुढच्या काही वर्षांत तिनं छोटी व्हॅन घेतली आणि एकेक गोष्ट बदलताना पाहिली. आधी भाड्याच्या रंगीबेरंगी गाड्यांतून परदेशी पोरं आली. त्यांनी झुडपाझुडपांत घाण केली. मग गावं चिडली आणि जागोजागी पाट्या लागल्या. मग कायदा आला, की गाडीत पक्का बसवलेला संडास हवा आणि काचेवर हिरवा शिक्का हवा, नाहीतर रात्री मुक्काम नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मजेखातर येणारे कमी होत गेले नि घरभाडं परवडेना म्हणून येणारे वाढले. पूर्वी गाडीवाले भेटले की विचारायचे, कुठं निघालात? आता विचारतात, कुठून उठवलं?

नेव्हिलला असाच उठवला होता. जन्मभर कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. ज्या घरात बत्तीस वर्षं भाड्यानं राहिला ते मालकानं विकलं आणि नेव्हिल आपली गादी, किटली नि रेडिओ घेऊन एका म्हाताऱ्या हायेस व्हॅनमध्ये राहायला आला. रेविनच्या व्हॅनला हिरवा शिक्का होता, याला तो मिळायचा प्रश्नच नव्हता, आत एक बादली तेवढी होती. रेविनच्या शेजारी त्यानं गाडी लावली तेव्हा तिनं नियम सांगितला.

"दार वाजवायचं नाही? बाई, मी तुझं दार कशाला वाजवू?" तो म्हणाला. "माझं वय काय, तुझं वय काय!"

"तोंड सांभाळ. चहा घेणारेस का?"

"बिस्किटं असतील तर."

तेव्हापासून दोघांचं जमलं. सकाळी तो जाळं घेऊन नदीवर जायचा. तिकडच्या वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, भरतीबरोबर व्हाइटबेट नदीत चढतात, काडीएवढे, आरपार दिसणारे मासे. मूठभर मिळाले की रेविन त्यांची अंडापोळी करायची आणि दोघं ती पांढऱ्या पावात घालून खायची. तो तिला म्हातारे म्हणायचा, ती त्याला नेव्ह. एकाच गोष्टीवर तो थट्टा करत नसे. गावात वृद्धाश्रम होता, त्याचा धाकटा भाऊ तिथंच वारला होता.

"खोलीला कडी नव्हती गं," तो म्हणायचा. "कुणीही यायचं, कुणीही चादर ओढायचं. मला तिथं टाकलं तर मी खिडकीतून उडी मारीन."

"खोल्या तळमजल्यावर आहेत नेव्ह."

"मग चालत जाईन."

नगरपालिकेचा माणूस होता तामा. नारिंगी कोट घालून तो आठवड्यातून एकदोनदा गाड्या बघायला यायचा. तीन लेकरांचा बाप, स्वभावानं गरीब, पण नोकरी ती नोकरी. बिनशिक्क्याची गाडी रात्री सापडली की दंड, पुन्हा सापडली की गाडी ओढून न्यायची. दिवसा मासेमारीला आलेली गाडी मात्र त्याला चालायची. म्हणून रेविन आणि नेव्हिलनं एक सोंग बसवलं होतं. तामाची गाडी वळणावर दिसली की नेव्हिलनं पडदा ओढून आत चिडीचूप पडायचं. रेविननं बाहेर येऊन सांगायचं, आत्ताच आलाय, जाळं घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेलाय. तामा गेला की नेव्हिल बाहेर येऊन पोट धरून हसायचा. सरकारला शेंडी लावल्याचा आनंद त्या वयातही पोराटोरांसारखाच होता.

त्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी नेव्हिलच्या हातातून कप निसटला. बोटांना मुंग्या येतात म्हणाला.

"डॉक्टरला दाखव," रेविन म्हणाली.

"कशाला? म्हणजे तो म्हणेल, एकटे राहू नका. मग तुम्ही सगळे मिळून मला त्या खोलीत ढकलाल."

"माझं काय अडलंय तुला ढकलायला? मर तिकडे."

तो तरातरा उठला, गाडीत गेला आणि पडदा फर्रकन ओढला.

सकाळी भरती छान होती. नदीकाठी जाळी टाकून माणसं ओळीनं उभी राहिली होती, पण नेव्हिल त्यांत नव्हता. त्याचे रबरी बूट पायरीशी होते आणि पडदा तसाच. रेविननं चहा केला. दोन कप काढले, एक परत ठेवला. रुसलाय म्हातारा, असं ती स्वतःशी म्हणाली. भरती सोडून रुसून बसणारा माणूस तो नव्हे, हेही तिच्या मनात आलं. ती उठून त्याच्या दारापर्यंत गेली. हातही वर केला. मग तिला ग्रॅहम गेला तो हिवाळा आठवला, पायरीवरचं सरपण आठवलं, आणि तिनं हात खाली घेतला. ज्यानं पडदा ओढलाय त्याला निदान तेवढा मान द्यावा.

तेवढ्यात तामाची गाडी वळणावर दिसली.

रेविननं नेव्हिलचे बूट पायानं गाडीखाली सारले. बूट इथं आणि माणूस नदीवर, हे तामाच्या लगेच लक्षात आलं असतं. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रे, आज सकाळीच?"

"मावशी, ही गाडी रात्रभर इथंच होती अशी तक्रार आलीय." तामा हायेसपाशी आला. "नेव्हिलकाका आत आहेत का?"

"आत कसला? भरती बघ की. वरच्या अंगाला गेलाय."

"मग पडदा?"

"सामान आहे आत. चोर काय तुला विचारून येतात?"

तामा हसला, पण त्यानं दार ठोकायला हात उचलला. नेमक्या त्याच वेळी आतून आवाज आला, लाटांच्या गाजेत तामाला उमगू नये इतका बारीक. ठक. थोडं थांबून पुन्हा, ठक. पत्र्यावर बोटाचं हाड आपटल्यासारखा.

रेविनच्या काळजात धस्स झालं. गाढवाला गप्प पडून राहायला काय होतं, या विचारानं. तिनं शेजारच्या टेबलावरचा तवा उचलून दाणकन शेगडीवर ठेवला. "अंडापोळी खाणार का रे?" ती मोठ्यानं ओरडली. "कालचे मासे आहेत. तुझी आजी करायची तशी काही होत नाही माझी, पण खाऊन बघ!" आणि डबे उघड, चमचे वाजव, तामाच्या धाकट्याचे दात आले का विचार, असा तिनं एकच गोंधळ मांडला. आतला आवाज त्यात कुठं गेला कळलंही नाही. तामानं उभ्याउभ्या पाव खाल्ला, बोटं चाटली.

"आज सोडतो," तो म्हणाला. "पण काकांना सांगा, रात्री इथं दिसले तर मलाही लिहावंच लागेल."

तो गेल्यावर रेविननं हायेसच्या पत्र्यावर थाप मारली. "गेला रे! मरणार होतास आज. गप्प बसता येत नाही?"

उत्तर आलं नाही. पडद्याचा खालचा कोपरा मात्र हलला, आतून कुणीतरी खेचल्यासारखा. अजून घट्ट ओढून घेतोय, असं तिला वाटलं. "बस मग," ती म्हणाली आणि नदीवर निघून गेली.

दिवसभरात तिनं दोनदा तिकडं पाहिलं. रात्री पाऊस पडला. सकाळी ती बाहेर आली तेव्हा नेव्हिलचे बूट गाडीखाली होते. तिनं सारले होते तिथंच, तसेच आडवे, आणि त्यांत पाणी साचलं होतं.

बूट पाहिले आणि ती धावली. तिनं दार वाजवलं नाही, सरळ ओढलं.

नेव्हिल गादी नि दाराच्या मध्ये पडला होता. डाव्या मुठीत पडद्याचं टोक होतं, वरच्या दोनतीन कड्या तुटलेल्या. डोळे उघडे होते. तो जिवंत होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं, सगळीकडे घाण, आणि ते डोळे तिच्यावर.

रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या बाईनं कामात असतानाच विचारलं, "कधीपासून पडलेत?"

"काल," रेविन म्हणाली. "काल सकाळी होते ते... काल सकाळी वाजवत होते."

बाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

तामा दुपारी आला. त्याला कळलं होतं. तो हायेसच्या उघड्या दाराशी बराच वेळ उभा राहिला.

"मी हात उचलला होता मावशी," तो म्हणाला.

रेविनला त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नेव्हिल वाचला, म्हणजे मेला नाही इतकंच. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बराच फरक पडला असता, असं डॉक्टर, आईसाठी धावून आलेल्या क्रिस्टनला म्हणाले. क्रिस्टननं ते आईला सांगितलं नाही, आणि रेविननं विचारलं नाही. हायेस ओढून नेली. नेव्हिलला गावातल्या वृद्धाश्रमात हलवलं.

"आई, आता तू माझ्याकडे ये," क्रिस्टन फोनवर म्हणाली. "त्या नदीवर आता काय राहिलंय तुझं?"

"बघू," रेविन म्हणाली. पूर्वी ती असल्या प्रश्नावर फोन आपटायची.

ती त्याला भेटायला गेली ती नाताळाच्या तोंडावर. इतके दिवस तिचं पाऊलच उचललं नव्हतं. तिनं त्याचे बूट धुऊन, वाळवून, पिशवीत घालून नेले. खोली तळमजल्यावर होती, दार सताड उघडं आणि कडी नव्हती. नेव्हिल पलंगावर उशांना टेकवून ठेवलेला. कुणीतरी त्याचा भांग पाडला होता, चुकीच्या बाजूला.

ती खुर्ची ओढून बसली. यंदा मासे कमी आले, नदीच्या तोंडाशी आता गाड्या येऊ नयेत म्हणून साखळी लावलीय, असं काहीबाही बोलली. ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. सवयीनं ती उठली आणि तिनं खिडकीच्या पडद्याला हात घातला. नेव्हिलच्या घशातून असा आवाज निघाला की ती जागच्या जागी थांबली. तिनं पडदा सोडून दिला.

"नेव्ह," शेवटी ती म्हणाली, "त्या दिवशी तुला सगळं ऐकू येत होतं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा डावा हात चादरीवरून सरकत पलंगाच्या कठड्यापर्यंत गेला आणि बोटाचं हाड लोखंडावर आपटलं. ठक. थोडं थांबून पुन्हा, ठक.

दुसऱ्या आवाजाबरोबर बाहेर पावलं वाजली आणि एक परिचारिका हात पुसत दारात आली. "काय झालं नेव्हिलकाका? वाजवलंत? काय हवंय?"

नेव्हिलनं तिच्याकडे पाहिलंच नाही.

"काही नाही गं," रेविन हसून, मोठ्यानं म्हणाली. "काही नकोय त्याला. आम्ही आपल्या गप्पा मारतोय."

परिचारिका गेली. आपण काय बोललो ते रेविनला तेव्हा कळलं. नेव्हिलनं हात कठड्यावरून उचलला आणि परत चादरीवर ठेवला.