हिरवा दिवा

ती घटना आठवली की आधी राग येतो, वाईट नंतर वाटतं. मी पोलीस खात्यातून वयानं निवृत्त झालेलो नाही. राजीनामा देऊन बाहेर पडलो आणि आता कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं वाटतो. का, ते या केसवरून कळेल.

नागपुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयातून ठाण्यात फोन आला : "कंत्राटी पोरीनं सर्व्हर पुसला, पेशंटचे जुने सगळे स्कॅन गेले." स्टेशन डायरीला नोंद करून गुन्हा दाखल केला, तंत्रज्ञ मुलीला हजर राहण्याची नोटीस दिली. मुलगी कामठीची, विणकराच्या घरची.

तिच्याविरुद्ध पुरावा भक्कम दिसत होता. सर्व्हर तपासायला तो बनवणाऱ्या कंपनीचं एक साधन असतं. लॅपटॉप जोडला की ते डिस्क, पंखे, तापमान सगळं तपासतं. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या अंगातच बसवलेला प्रोग्राम, तोही त्यातूनच बदलतात. त्या दिवशी तिच्याच लॉगिननं आधी बिघाडाची नोंद पुसली गेली, मग फर्मवेअर बदललं, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा डिस्क उठल्याच नाहीत. शिवाय तिला कामावरून काढण्याची नोटीस मिळालेली. हेतूही तयार!

महिला हवालदार समोर बसल्या. "काहून वं, इतकी शिकली अन् हे केलं?"

"मी डेटा नाही पुसला, मॅडम. दिवा घालवला."

"कोणता दिवा?"

"डिस्क खराब होऊन राहिली तं पिवळा दिवा लागते. मी डिस्क मागितली. साहेब म्हणे, पाहणी आहे, आधी हिरवा कर. साधनात फॉल्ट क्लिअर केला की हिरवा होते. थोड्या वेळानं पुन्हा पिवळा, म्हणून त्या दिवशी साहेबानं फर्मवेअरही बदलायला लावलं, तं खराब डिस्क उठल्याच नाहीत. दिवा असा सगळेच घालवतात, मॅडम."

हवालदार माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "साहेब, हे तं आपल्यासारखंच झालं. तक्रार घेतलीच नाही तं गुन्हे कमी."

मला मुलीचं पटलं. पण तिचा शब्द आणि तिच्या साहेबाचा शब्द यांत न्यायालय कोणाचा धरेल, हे मला माहीत होतं. ते साहेब, म्हणजे रुग्णालयाचे व्यवस्थापक, त्यांनी जबाबात ठासून सांगितलं होतं, "मी असं कधीच म्हणालो नाही."

पंचनाम्यासाठी आम्ही सर्व्हरच्या खोलीत गेलो. एसी बंद. विजेची बचत म्हणे, तीही मे महिन्यात! शेजारच्या दुसऱ्या सर्व्हरवर पिवळा दिवा जळत होता. सायबर शाखेचा माझा सहकारी साध्या कपड्यांत लॅपटॉप जोडून बसला होता. मुलगी खाली गाडीत, मी आणि दोन पंच सर्व्हरच्या कपाटाआड तारा पाहत. तेवढ्यात व्यवस्थापक आत आले आणि लॅपटॉपवाल्यावरच खेकसले, "नवीन आला का गा तू? तो दिवा पहिले क्लिअर कर! उद्या पाहणी आहे. डिस्क-बिस्क नंतर पाहू!"

मी कपाटाआडून पुढे झालो. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पंचांनी ऐकलेलं पंचनाम्यात आलं. पुढच्या चौकशीत त्यांनी कबूल केलं : डिस्कची मागणी त्यांनीच दाबून ठेवली होती. बॅकअपची मागणीही. मुलीचं नाव गुन्ह्यातून वगळलं.

स्कॅन मात्र परत आले नाहीत. उमरेडचा एक म्हातारा बायकोला घेऊन काउंटरवर उभा होता. "पहिलेचा स्कॅनच नाही तं आताची गाठ डॉक्टरनं कशाशी ताडून पाहावी गा?"

बड्या लोकांना बिघाडाचं काही नसतं, तो दिसायला नको असतो. आणि तो लपवायचं काम ज्याच्या हातून करून घेतात, बोट त्याच्यावरच येतं. या केसनं मला हे शिकवलं. संताप यावा असंच हे आहे.

कंपनीनं त्या साधनाचं तिचं लॉगिन बंद केलं होतं. लॉगिन नाही तर कोणताही सर्व्हर तिला हात लावू देत नाही. शिकलेलं सगळं फुकट. ते पुन्हा सुरू करा म्हणून आमचा अहवाल घेऊन मी स्वतः त्यांच्या कार्यालयात गेलो. ती गेटजवळ उभी राहिली, इस्त्रीचा ड्रेस घालून. मी बाहेर आलो.

"काय म्हणे, साहेब?"

"वर कळवतो म्हणाले."

तिनं मान हलवली. "म्हणजे नाही," म्हणाली, आणि कामठीच्या ऑटोला हात केला.