बटणं लावता येतात का?

कापड चिमटीत धरून आत्या सांगायची, "हे पहिल्या धुण्यातच आटणार." आणि ते आटायचंच. चाळीस वर्षं तिने शर्ट शिवले.

दोन वर्षं गप्प असलेला तिचा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, मानेत गाठी होऊन पुन्हा उगवला, तेव्हा डॉक्टरबाईंनी नवं औषध काढलं. मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून समजावणं माझ्याकडे आलं. "यातली अँटिबॉडी कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखते, तिला चिकटते आणि सोबतचं विष आत नेऊन सोडते."

"म्हणजे मापाचं औषध," आत्या म्हणाली. "पण मापाचा कपडासुद्धा कुठेतरी काचतोच."

"नसांना काचतं. बोटांना मुंग्या आल्या, ती बधिर झाली, तर लगेच सांगायचं."

दर तीन आठवड्यांनी सलाईन. गाठी विरघळत चालल्या. डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, "मावशी, बटणं लावता येतात का?" आत्या स्वेटरची सहाही बटणं खटाखट लावून दाखवायची, वर म्हणायची, "तुमच्या कोटाचं एक लोंबतंय, देऊ का टाके घालून?"

पाचव्या सलाईननंतर मी तिच्या शिलाईच्या दुकानात गेले, तर ती कापड गालाला लावून बघत होती. शिवायला घेतलेल्या पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका होता. सुई बोटात रुतली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"कधीपासून?"

"तिसऱ्यापासून."

"मग बटणं कशी लावतेस?"

"अगं, बटणं काय, हात आपसूक लावतो. झोपेतही लावीन."

"बोलली का नाहीस?"

तिने सुई काढून सुयांच्या गादीत टोचली. "गाठी जाताहेत. औषध बंद केलं तर? जगायचंय मला." मग हळूच म्हणाली, "पण कापड लागतच नाही गं हाताला. गालाला कळतं थोडं. पण गालाने काय शिवायचं?"

पुढच्या वेळी सांगणं मी तिच्यावरच सोडलं. नेहमीचा प्रश्न आला. आत्याने हात मांडीवर ठेवले. "लावता येतात. हातात बटण आहे, हे मात्र कळत नाही."

डॉक्टरबाईंनी ते सलाईन पुढे ढकललं. बधिरपणा उतरला की कमी मात्रेने द्यायचं ठरलं. तोवर सुई बंद.

"बोटं येतील परत?"

"बहुतेकांची सुधारतात, मावशी. किती, ते आज सांगता येत नाही."

आता सुट्टीच्या दिवशी मी शिवते आणि आत्या शेजारी बसून सांगते. माझी टीप वाकडी गेली की तिचा हात आपोआप पुढे येतो, कापडापाशी थांबतो आणि पुन्हा मांडीवर जातो.

"उसव," ती म्हणते. "सावकाश. घाई नाही."