निळ्या चिंधीची तक्रार

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या कोणी मुद्दाम साठवत नाही, पण संध्याकाळी झाडू मारला की टोपलीभर निघतात. गोपालन मास्टरांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आमच्या भांडुपच्या टेकडीवरचा कोणी जुना माणूस भेटला, की चहा येईपर्यंत त्यातले दोन तरी निघतातच!

मास्टर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्टर. अठराव्या वर्षी केरळातून मुंबईत आले, दहा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर बसले आणि मग टेकडीच्या मध्यावर स्वतःचं दुकान टाकलं. मराठी शिकले ते गिऱ्हाइकांकडून. त्यामुळे ती थोडी मालवणी, थोडी साताऱ्याची, आणि राग आला की अख्खी मल्याळम! मी एका कंपनीत टायपिस्ट होतो. संध्याकाळी त्यांची मराठी पत्रं लिहून द्यायचो, म्हणून ते मला ‘लेखक’ म्हणायचे. मला असं म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे पत्र लिहायला मी कधी नाही म्हटलं नाही.

ऐंशीच्या दशकात महापालिकेची निवडणूक लागली आणि टेकडीने मास्टरांना अपक्ष उभं केलं. आमचं दुखणं एकच, पाणी. अर्ध्या मुंबईचं पाणी आमच्या भांडुपात शुद्ध होऊन पुढे जायचं आणि आमच्या बायका हंडा घेऊन पायथ्याच्या नळापर्यंत दीडशे पायऱ्या उतरायच्या. उतरणं एक वेळ ठीक, चढताना जीव निघायचा.

प्रचारसभेत विरोधी उमेदवार गरजला, “हा माणूस बाहेरचा आहे! बाहेरून आलेला माणूस तुमचं काय भलं करणार?”

दुसऱ्या दिवशी मास्टरांची सभा. ते माईकपाशी आले आणि म्हणाले, “मी बाहेरचा, एकदम बरोबर. पाणीपण बाहेरूनच येतं. ते आलं की तुम्ही काय करता? दार लावता?”

जो काही हशा पिकला! मास्टर तिथेच निवडून आले होते. पण टाळ्या ऐकून माणसाला चढते ना, तशी त्यांना चढली. हात वर करून म्हणाले, “टेकडीवरच्या शेवटच्या घरात नळ येईपर्यंत माझ्या घरात नळ घेणार नाही!”

पुन्हा टाळ्या. फक्त पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोने, शारदाचेचीने, टाळी वाजवली नाही. ‘चेची’ म्हणजे त्यांच्याकडची ताई. सगळी टेकडी तिला चेचीच म्हणायची.

*

घरी जाऊन चेची काय म्हणाली, ते भिंती पातळ असल्यामुळे सगळ्या चाळीला कळलं.

“अहो, वचन तुम्ही दिलं. हंडा कोण उचलणार?”

मग हंडा आपटल्याचा आवाज आला.

“मग माझंपण ऐका. वर पाणी येईपर्यंत तुमच्या हातचा ब्लाऊज मी अंगाला लावणार नाही!”

आम्हाला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. पण चेची खरंच स्टेशन रोडवरच्या टेलरकडे गेली! नगरसेवकाची बायको, त्यातून टेलरची बायको, आणि ब्लाऊज शिवायला दुसऱ्याकडे! मास्टरांची ब्लाऊजची गिऱ्हाइकं चकित झाली. काही जणी तर काळजीत पडल्या.

चेची खांद्यावर हंडा घेऊन दुकानावरून जायची तेव्हा मास्टर मशीन थांबवून बघत बसायचे. आणि दर वर्षी नवा ब्लाऊज दिसला की त्यांचा संताप ठरलेला. “बघ लेखक, बघ! खांदा केवढा रुंद ठेवलाय! त्या गाढवाला माप घेता येत नाही. बाईचा खांदा आहे की बैलाचा?”

मी म्हणायचो, “मास्टर, तुम्हीच का नाही सांगत त्याला?”

“मी कशाला त्याचा धंदा सुधारू?”

*

नगरसेवक झाले तरी मास्टरांनी ऑफिस काही थाटलं नाही. दुकानातच तक्रारी घ्यायचे, आणि त्याही शिलाईच्या पावतीपुस्तकात! गिऱ्हाईक असो नाहीतर तक्रारदार, पावती एकच. देवनागरी त्यांना सावकाश वाचता यायची, म्हणून त्यांनी युक्ती काढली. पावतीला चिंधी टाचायची. गटाराची तक्रार काळी चिंधी, दिव्याची पिवळी, पाण्याची निळी. कपड्याच्या पावतीला त्या कपड्याचाच तुकडा. वॉर्ड ऑफिसला पाठवायच्या पावत्या मी त्यावरून वेगळ्या करायचो आणि पत्राला जोडायचो. पुढे पुढे वॉर्ड ऑफिसचे लोकही लांबून चिंधी बघून म्हणायचे, “आली, भांडुपची निळी आली!”

पावतीवर खाली डिलिव्हरीची तारीख असायची. मास्टर सवयीने तीही भरायचे. गटार, ट्रायल शनिवार, डिलिव्हरी मंगळवार! मास्टरांचा मंगळवार कुठला, हे टेकडीला चांगलं ठाऊक होतं. लोकांचे लग्नाचे सफारी सूट बारशाला मिळालेले. त्यामुळे गटार उशिरा झालं तरी कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

*

आमच्या शेजारी दत्ताराम राहायचा, मालवणचा. त्याने पँट शिवायला टाकली होती. कापड निळं!

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी निळी चिंधी बघितली आणि पावती न वाचताच पत्राला जोडून दिली. कमर चौतीस, उंची चाळीस, खिसे तीन, घडी नको.

आठ दिवसांत दत्तारामची पँट तयार झाली नव्हती, पण वॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं! ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे. जागेची पाहणी करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

मी ते दत्तारामला वाचून दाखवलं. तो दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. “पाहणी? माझ्या कमरेची? अरे, त्येंका सांग, आधी माझी पँट खंय गेली ता बघा!”

मास्टर मात्र गंभीर झाले. “लेखक, पाण्याची पत्रं दोन वर्षं जातायत, उत्तर नाही. पँटीला आठ दिवसांत! माझ्या पत्रात काहीतरी चुकतंय यार.”

*

मास्टरांची कात्री म्हणजे एक वेगळंच प्रकरण. कापड कापायच्या कात्रीने शिंपी दुसरं काही कापत नाही, कागदसुद्धा नाही. धार जाते. एका बालवाडीच्या उद्घाटनाला आयोजकांनी दिलेली कात्री इतकी बोथट, की रिबीन नुसती चघळली जात होती. फोटोग्राफर ताटकळलेला. कोणीतरी पळत जाऊन दुकानातून मास्टरांची कात्री आणली.

मास्टरांनी रिबीन बोटांत चोळून पाहिली. “नायलॉन आहे, धार जाईल,” म्हणाले, आणि कात्री खिशात घातली!

मग वाकले, रिबिनीखालून पलीकडे गेले आणि म्हणाले, “झालं उद्घाटन. या सगळे.”

पाठोपाठ सगळे पाहुणे वाकून आत गेले.

*

तीन वर्षं झाली, पाणी काही चढेना. नवीन इंजिनीअर साहेब आले. त्यांनी नकाशा पसरून बोट ठेवलं. “मास्टर, कागदावर बघा. या लाइनने पाणी वर जायलाच पाहिजे. पंपाची गरजच नाही.”

मास्टर म्हणाले, “साहेब, कागदावर सगळेच कपडे अंगाला बसतात. तुम्ही ट्रायल घेतली काय?”

साहेब इरेला पेटले. “चला!”

मे महिना, भर दुपार. साहेब पुढे, मास्टर मागे, मी आणि दत्ताराम त्यांच्या मागे. शेवटचं घर आवडाबाईचं, सत्तरीची एकटी म्हातारी. दारात पोचेपर्यंत साहेबांचा शर्ट पिळून घ्यायच्या लायकीचा झाला होता. उंबऱ्यावर बसले आणि कसेबसे म्हणाले, “आजी... जरा पाणी...”

आवडाबाई म्हणाली, “हाय की बाबा, खाली हाय. हंडा दिऊ?”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग पायऱ्यांकडे बघितलं. म्हातारी हसली आणि हंड्याच्या तळाशी उरलेलं अर्धा तांब्या पाणी त्यांच्या हातात दिलं. साहेब ते प्यायले, पण त्यांनी मान वर केली नाही. मला त्या दिवशी साहेबांबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

पंप त्याच आठवड्यात मंजुरीला गेला.

*

आणि वर्षभराने एका सकाळी आवडाबाईच्या दारातल्या नळाला पाणी आलं! आधी नुसता सूं सूं वारा, मग लाल, मग स्वच्छ. दत्तारामने नारळ फोडला. बायका एकमेकींवर पाणी उडवायला लागल्या. मास्टरांना भाषण करायला सांगितलं, तर ते नळाखाली ओंजळ धरून तोंड धुवायला लागले. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू?

तासाभराने आम्ही दुकानात बसलो होतो, तेवढ्यात चेची आली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती दुकानाची पायरी चढली होती. हातात हंडा नव्हता.

“वचन पुरं झालं. आता माझा ब्लाऊज शिवा.”

मास्टरांनी खालचा ड्रॉवर उघडला आणि कागदात गुंडाळलेला एक ब्लाऊज काढला. मोतिया रंगाचा, जरीच्या काठाचा. निवडणुकीच्याच वर्षी शिवून ठेवला होता!

“माप न घेता?” चेचीने विचारलं.

“तुझं माप मला पाठ आहे,” मास्टर ऐटीत म्हणाले. “आणि लेखक, लिहून ठेव. जन्मात पहिल्यांदा माझी डिलिव्हरी वेळेच्या आधी तयार आहे!”

चेची पडद्यामागे गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “खांद्यात घट्ट होतो.”

“शक्यच नाही!”

ती बाहेर आली. शिवण दोन्हीकडून ताणली होती. मास्टरांनी गळ्यातली टेप काढून तिच्या खांद्यावर धरली. बघितलं. पुन्हा धरली. दीड इंच जास्त.

मग ते खाली बसले. पावतीपुस्तक ओढलं आणि सावकाश देवनागरीत लिहिलं, ‘शारदा. खांदा, दीड इंच.’ टोपलीत हात घालून निळी चिंधी शोधली आणि पावतीला टाचली.

“लेखक,” पावती माझ्या हातात देत ते म्हणाले, “ही वॉर्ड ऑफिसला पाठव.”