मार्गळीत पेटलेली चूल

आमची पंकजावहिनी आजारी पडते ती थंडीत. कुंभकोणम्‌ला कसली आली थंडी, असं विचारणाऱ्यांनी एकदा इथे येऊन राहावं. कार्तिकातला पाऊस हटत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि त्यावर मार्गळी लागते. मार्गळी म्हणजे धनुर्मास, डिसेंबराच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा. देवांची चंगळ असते. पहाटे भजनं, दारोदारी रांगोळ्या, देवळात प्रसादाला गरम पोंगल, म्हणजे मुगाची खिचडी. माणसांचं मात्र एकही लग्न होत नाही, कारण मुहूर्तच नसतो.

आणि लग्न नाही म्हणजे वहिनीला काम नाही. ती लग्नाचा फराळ करते. हाताखाली चार बायका, लाडवांची परात आणि कैमुरुक्कू, म्हणजे साच्याशिवाय नुसत्या बोटांनी पीळ देत वळलेली चकली. पार तिरुवलंचुळीपर्यंत कुठे लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघतात आणि मग वहिनीला फोन करतात. एरवी वर्षभर ती बायकांवर ओरडत असते आणि मजेत असते.

माझा भाऊ गेल्यापासून मात्र मार्गळी तिला खायला उठते. गेल्या वर्षी ती भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. केस विंचरेना, पुढ्यातली कॉफी गार व्हायची. "मार्गळीची सुस्ती," म्हणाले सगळे. सुस्ती! मणभर पीठ मळणाऱ्या बाईला सुस्ती! माझं डोकं फिरलं. मी तिला रिक्षात घातलं आणि मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग गोळ्या दिल्या. म्हणाले, सकाळचं ऊन अंगावर घ्या, हात रिकामे ठेवू नका, एकट्या बसू नका, आणि पुढच्या वर्षी पडायची वाट न बघता आधीच या.

तिचा मुलगा रविशंकर चेन्नईला असतो. त्याचं म्हणणं एवढंच, "गोळ्या घे, पण विचारलं तर बी.पी.च्या म्हण." वर दमही दिला की यंदा पुन्हा पडलीस तर कायमची इकडे आणीन. पोरगा वाईट नाही, आईवर जीव आहे त्याचा. पण ते बंद दार, ती टीव्हीची सोबत! वहिनीला चेन्नईचा फ्लॅट म्हणजे बारा महिने मार्गळी. तिथे ती जगली नसती, हे मी लिहून देते.

यंदा पाऊस सुरू झाला तशी ती आपणहून डॉक्टरांकडे जाऊन आली. आणि मार्गळी लागताच तिने बायकांना निरोप धाडले. त्यांतली शिवकामी धावत आली.

"कोणाचं लग्न, अक्का?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"कोणाचंच नाही."

"मग मुरुक्कू कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

ओट्यावर ऊन येतं तिथे धुतलेलं धोतर पसरलं आणि सगळ्या वळायला बसल्या. खपला तेवढा माल खपला, उरलेला भजनवाल्यांनी फस्त केला. रोज सगळं गोड चाललं होतं असं नाही. काही सकाळी वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण बोटं चालूच. "आज मन बरं नाही, माझ्याशी बोलत राहा ग," असं ती उघड सांगायची. मग शिवकामी आपल्या सुनेची गाऱ्हाणी काढायची, आणि ती काही संपायची नाहीत.

गल्लीत कुजबुज झालीच. मुहूर्त नसताना लग्नाचा फराळ, बाईचं डोकं फिरलं! कुणीतरी ते थेट चेन्नईला कळवलं आणि एका सकाळी रविशंकर गाडी घेऊन दारात हजर.

"आई, चल. सामान भर."

"मज नको तुझें चेन्नई," वहिनी आमच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतात ठाऊक आहे? माझे सासरे विचारत होते, आईला झालंय तरी काय. काय सांगूं मी?"

"खरें सांग."

"तें कसें सांगूं?"

वहिनीने पिठाचा हात पुढे केला. "लाव फोन. तुज लाज वाटते, तर मी सांगतें."

त्याला वाटलं, आई काही बोलायची नाही. त्याने फोन लावला, आवाज मोठा केला आणि तिच्यासमोर धरला. बायकांचे हात थांबले.

"राजगोपालराव, मी पंकजा. थंडींत माझें मन आजारी पडतें. त्याचें औषध घेतें, आणि औषध म्हणूनच चूल पेटवलीय. डोकें फिरलेलें नाहीं. मी येथेंच राहणार. आणखी कोणी विचारलें तर हेंच सांगा."

रविशंकरचं तोंड उतरलं. पोराचं सासर होतं ते, त्याला आयुष्यभर तिथे मान वर करून वावरायचं होतं. फोन कट करायला त्याने बोट उचललं.

तेवढ्यात राजगोपालराव बोलले. आवाज इतका खाली, की शेजारी कुणी झोपलंय असं वाटावं.

"ताई, ती गोळी... सकाळीं घेतां कीं रात्रीं?"

"सकाळीं," वहिनी म्हणाली. "सगळ्यांच्या देखत."