आबांच्या सुतारखान्यातलं जपानी टोपण

सुतारखान्यात भुसा आणि किस्से सारखेच साठतात. भुसा निदान बंबात तरी जातो, किस्से कुठं घालणार? इंदापुरात बावड्याच्या रस्त्याला आबांचा सुतारखाना होता. पन्नासच्या दशकातली सात-आठ वर्षं मी तिथं रंधा मारला. मालक आबा, पॉलिशला तात्या आणि मी. बैलगाडीची चाकं, दारं-खिडक्या, लग्नाचे पाट, सगळं व्हायचं. त्या किश्शांतले जपानी पेटीचे तेवढे सांगतो. सगळे सांगायला बसलो तर चहा गार होईल.

*

वालचंदनगरच्या कारखान्यात मशिनरी बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. तात्यानं पहिल्याच दिवशी त्याचं 'जपानराव' केलं आणि तेच टिकलं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं शाळेतलं अर्धवट, त्यामुळं आमचं छान जमायचं.

त्यानं जेवायच्या टेबलाची ऑर्डर दिली. कागदावर पायांची उंची एक फूट. आबा म्हणाले, "परक्या मुलखातला माणूस, माप चुकलं आसंल. हसू नगा." आणि आम्ही गुपचूप अडीच फुटाचं टेबल करून ठेवलं.

रविवारी जपानराव जीपमधून आला. टेबलाभोवती फेरी मारली, कमरेत वाकून आम्हाला नमस्कार केला, भिंतीवरची करवत काढली आणि चारही पाय स्वतः कापले. टेबल खाली ठेवलं तर कुठं डुगडुगलं नाही. मग तो त्याच्यापुढं मांडी घालून बसला.

आबा माझ्या कानाशी आले. "ह्यो आपल्यावानीच खाली बसून जेवतोय. आन् सुताराच्या घरातला हाय, लिहून घे."

विचारलं तर खरंच निघालं. त्याचे वडील लाकडी पेट्या करायचे.

*

त्याच दिवशी त्यानं जेवणाचा डबा काढला. चौकोनी लाकडी पेटी, बाहेरून काळीभोर, आतून लाल. तात्या स्वतःला पुण्यापासून सोलापूरपर्यंतचा पहिल्या नंबरचा पॉलिशवाला समजायचा. त्यानं पेटीत वाकून पाहिलं आणि आधी मिशी नीट केली. मग आपली पॉलिशची बाटली फळीमागं सरकवली.

आबा खिळा शोधत होते. खिळा नव्हता, सांधाही दिसेना. टोपण वर ठेवून सोडलं की ते आपलं आपण, सावकाश खाली उतरायचं, आतली हवा हळूच बाहेर सोडत. आबांनी ते नऊ वेळा केलं. जपानराव उपाशी बसून कौतुकानं बघत होता.

शेवटी आबा म्हणाले, "तीस वरसं आपुन पेटीवर नुसती फळी ठिवत होतो."

पुढं कित्येक दिवस सुतारखान्यातलं प्रत्येक झाकण ते सोडून बघायचे. धान्याच्या कणगीचंसुद्धा.

*

टोपणाच्या आत, कोपऱ्यात, एक बारीक खूण कोरलेली होती. ती वडिलांची सही, असं जपानरावानं सांगितलं.

"आत? तितं कुणाला दिसणार?" आबांनी विचारलं.

"दुरुस्त करील त्याला," जपानराव म्हणाला. त्यांच्या घरात चालच होती. जो दुरुस्त करील त्यानंही आपली खूण शेजारी करायची. पुढच्याला कळावं, आधी कुणाचा हात लागलाय.

आबा हसले. "आमच्याकडं दार ज्याचं, नाव त्याचं. सुताराला कोण इचारतंय?"

*

ते टोपण चैत्रात तडकलं. कुणाच्या हातून पडलं नाही, काही नाही. आपल्याकडचं ऊन आणि कोरडी हवा ते लाकूड सोसू शकलं नाही.

जपानराव आला, तेव्हा पहिल्यांदाच नमस्कार करायला विसरला. टोपण आबांच्या हातात दिलं. त्याच्या वडिलांची दृष्टी गेली होती आणि ही त्यांच्या हातची शेवटची पेटी होती. दोन महिन्यांत हा घरी जाणार, आणि म्हातारा सगळ्यात आधी पेटी मागणार. हे सांगताना तो टोपणाकडंच बघत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आबा म्हणाले, "लाकडाचं मी बघतो. वरलं तुमी शिकवा."

चार दिवस दुसरं काम बंद. आबांनी तडा साफ करून त्यात लाकडाची अशी पातळ पट्टी बसवली की नखाला लागत नव्हती.

*

वरचं काळं म्हणजे त्यांच्याकडच्या एका झाडाचा चीक. वडिलांनी मुलाला एक डबी बरोबर दिलेली होती. जपानरावानं बजावलं, हात लावायचा नाही. तात्यानं त्याची पाठ वळताच बोटावर घेतला, हुंगला आणि बोट गालाला पुसलं.

दुसऱ्या दिवशी तात्याचा एक डोळा दिसेना. तोंड सुजून लालेलाल. आबांनी लांबूनच ओळखलं. "बिब्बा उतलाय. ह्यो त्यांच्याकडला बिब्बाच हाय म्हणायचा. खोबरेल लाव."

तात्या आठ दिवस तोंडाला टॉवेल गुंडाळून आला, पण खाडा केला नाही. आपल्यामागं चिकाचा एखादा हात मारून होईल, ही धास्ती!

*

पहिला हात दिला आणि तात्यानं सवयीनं टोपण उन्हात ठेवलं. जपानराव ओरडत पळाला. हा चीक उन्हात वाळत नाही म्हणे, ओलीत वाळतो.

"वल्यात वाळतं?" टॉवेलातून तात्या म्हणाला. "मग मी धोतर हिरीत वाळत घालू व्हय?"

पण वैशाखात इंदापुरात ओल आणायची कुठून? आबांनी क्षणभर विचार केला आणि सायकल काढली. बावड्याला बाबूरावांचा पानमळा होता. आत बारा महिने सावली आणि गारवा. पण पानमळा म्हणजे देवघर, पायताण घालून पाऊल टाकायचं नाही. साहेबाला हे कसं सांगायचं, या विचारात बाबूराव बांधावर उभे होते. जपानराव जीपमधून उतरला, वेलांकडं बघितलं, बूट-मोजे काढून बाजूला नीट जोडीनं ठेवले आणि आत गेला.

बाबूराव आबांना म्हणाले, "पाहिजे तितकं दिस ठिवा."

*

वेलांच्या मधे खोक्यात टोपण ठेवायचं. वाळलं की आणायचं, कोळशानं घासायचं, पुन्हा हात द्यायचा. आलेली चमक साहेब कोळशानं घालवतोय हे बघून तात्या दर वेळी बाहेर जाऊन उभा राहायचा. असे बारा हात झाले. शेवटचं घासायचं काम जपानरावानं आपणहून तात्याकडं दिलं. त्या दिवशी तात्या जेवायलाही उठला नाही.

शेवटी टोपण पेटीवर ठेवून सोडलं. ते सावकाश, आपलं आपण खाली बसलं.

जपानरावानं टोपण उलटं केलं, वडिलांच्या खुणेशेजारी बोट ठेवलं आणि आबांकडं बघितलं.

"न्हाय," आबा म्हणाले. "ठिगळाला नाव नसतंय."

त्यानं फार आग्रह केला नाही. वाकून नमस्कार केला आणि गेला.

*

दिवाळीच्या आधी जपानहून पार्सल आलं. आबांनी दोरी कापली. कापसात नुसतं टोपण.

तात्या म्हणाला, "परत तडकलं."

आबांनी उजेडात धरून पाहिलं. तडा कुठंच नव्हता. सोबत इंग्रजी चिठ्ठी होती, ती मी अडखळत वाचली. वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी वरून बोटं फिरवली, जोड सापडला नाही. मग टोपण उलटं करून आतून बोटं फिरवली. म्हणाले, नाव राहिलंय. पेटी उघडीच ठेवली आहे.

आबांनी मला ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचायला लावली.

मग उठले. रांजणाच्या पाण्यानं हात धुतले. वहाणा काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या, टोपण मांडीवर उलटं घेतलं आणि मला म्हणाले, "बारकी पटाशी आन."